मशीन बाया ओळखते

आमच्या सोसायटीत मला "आवाजवाल्या काकू" म्हणतात. कोणाचा मिक्सर घरघर करतो, कोणाच्या पंख्यातून कटकट येते, की लगेच माझं दार वाजतं. एकदा वरच्या मजल्यावरच्या बाई नवरा घोरतो म्हणून विचारायला आल्या. "तुम्ही नॉईजचंच काम करता ना?" मी म्हटलं, "करते, पण माझा नॉईज कानाला ऐकू येत नाही." त्या सुस्कारा सोडून म्हणाल्या, "नशीबवान आहात हो."

एका अंकाच्या संपादकबाईंचा लेख मागायला फोन आला तेव्हाही मी स्पष्ट सांगितलं. म्हटलं, माझ्या कामामुळे ना कुणाचे प्राण वाचले, ना कुणाला पदक मिळालं. अमरावतीच्या एका गाळ्यात बसून मी आयुष्यभर तारांमधली घाण काढली. त्या म्हणाल्या, "मग तेच लिहा, फक्त आमच्या वाचकांना कळेल असं लिहा." अट घालायला काय जातं? माझ्या ह्यांना लग्नाला इतकी वर्षं झाली तरी कळलेलं नाही, आणि हे भूगोलाचे मास्तर होते. शिवाय पुण्याकडचे. आम्ही वऱ्हाडी माणसं एकमेकांना जेवायला बोलावतो तेव्हा ह्यांना अजूनही भांडण चाललंय असं वाटतं.

तर घ्या समजून. आजकालच्या मशीनच्या पोटात कॅमेरा असतो, पडदा असतो, विचार करणारं बोर्ड असतं, आणि हे सगळे तारेवरून एकमेकांशी बोलतात. बोलणं म्हणजे नुसतं हो आणि नाही. पण हो-नाही-हो-नाही इतक्या वेगाने चालतं, की डोळ्याचं पातं लवेपर्यंत आख्खं चित्र इकडून तिकडे गेलेलं असतं. "हो" म्हणजे तारेत विजेचा दाब थोडा जास्त, "नाही" म्हणजे थोडा कमी. त्या दोहोंतला फरक अगदी उलुसा, नखाएवढा. शेजारी एखादी मोटर सुरू झाली, बटनात ठिणगी उडाली, की त्या बिचाऱ्या तारेत नको तिथे उसळी येते आणि "नाही"चं "हो" होऊन बसतं. ही उसळी म्हणजे आमचा नॉईज. माणसाला पत्ता लागत नाही, मशीनला मात्र वेड लागतं.

यावर शहाण्या माणसांनी तोड काढली. एका तारेऐवजी दोन तारा घ्यायच्या, एकमेकींना पीळ घालून. एकीत दाब चढला की दुसरीत उतरतो, आणि पलीकडचं बोर्ड फक्त दोघींमधला फरक बघतं. माझं माहेर बार्शीटाकळीचं, आम्ही भाजीवाले, म्हणून मी हे तराजूवर सांगते. भर बाजारात पाऊस आला आणि दोन्ही पारड्यांत सारखंच पाणी पडलं, तर काटा हलतो का? नाही. वांगी जेवढी होती तेवढीच दिसतात. तसा नॉईज दोन्ही तारांत सारखाच शिरला तर फरकाला धक्का लागत नाही. पण बाजारातल्या मोकाट गोऱ्ह्याने तराजूलाच धडक दिली, तर पारडी सारखी असून उपयोग काय? तिथे फिल्टर लागतो. लॅपटॉपच्या वायरीवर जाड काळा गोळा असतो ना, तो फेराइटचा. तसलीच फेराइटची कडी आम्ही तारांच्या जोडीवर चढवतो. एक वर, एक खाली अशा शिस्तीने जाणाऱ्यांना ती सुखाने सोडते. दोघी एकदमच उधळल्या की अडवते.

आणि हे काम जपून करावं लागतं. फिल्टर म्हणजे शेवटी चाळणीच. भोकं मोठी ठेवली तर खडे खाली येतात, बारीक ठेवली तर डाळही वरच राहते. सिग्नल जेवढा वेगवान, तेवढा फिल्टर त्यालाच गिळायला बघतो. नवशिके येतात ते भारीतला भारी फिल्टर ठोकतात आणि म्हणतात, "मॅडम, नॉईज गेला!" मी म्हणते, "हो राजा, सिग्नलही त्याच्याबरोबर गेला."

गिऱ्हाइकं एकेक नग भेटली. मूर्तिजापूरच्या एका मंगल कार्यालयात लग्नाचा मोठा डिजिटल पडदा लावला होता. त्यावर नवरदेवाचा चेहरा मध्येच चौकोन-चौकोन व्हायचा आणि हिरवागार पडायचा. नवरीकडचे धास्तावले. नवरदेवाचा मामा शांतपणे म्हणाला, "घाबरू नोका बाप्पा, आमचा पोट्टा असाच दिसते." मी स्टेजखाली वाकून बघितलं, तर पडद्याची वायर आणि स्वयंपाकातल्या मोठ्या ग्राइंडरची वायर एकाच सतरंजीखाली गळ्यात गळे घालून झोपलेल्या. तिकडे चटणी वाटायला घेतली की इकडे नवरदेव हिरवा. वायरी दूर केल्या, कडी अडकवली, नवरदेव होता तसा सावळा झाला. मला आहेराचं पातळ मिळालं आणि विहिणीच्या पंगतीत ताट.

पण मला सांगायचंय ते अकोल्याचं.

होळी होऊन महिना झाला असेल. फोन वाजला. डाळ मिलचे मालक वसंतराव. हा माणूस आधी शेतकरी, मग अडत्या, मग मिलवाला. मनाने वाईट नाही, पण एकदा डोक्यात शिरलं की शिरलं. नमस्कार-चमत्कार नाही, एकदम सुरू.

"मॅडम, माही मशीन बाया ओळखते."

"म्हंजे काय, भाऊ?"

"म्हंजे असं, का बाया आल्या का मशीन चांगली दाळ फेकून देते. बाया नाई आल्या का सोन्यावानी चालते. कंपनीचा मानूस दोनदा आला. पयल्यांदी बाया लग्नाले गेल्या होत्या, तर मशीन बरी. दुसऱ्यांदी त्यानं कॅमेरा पुसला, चहा पेला अन् गेला. तुमी या. आन मले फक्त एवढं सांगा, का कांताबाई काय करते त्या मशीनले."

ही मशीन म्हणजे डाळ निवडणारी. तुरीची डाळ वरून पन्हाळीतून धो-धो खाली येते, खाली कॅमेरा एकेक दाणा बघतो, आणि काळा, डागी दाणा दिसला की हवेची बारीक फुंकर मारून बाजूला उडवतो. तो उडवलेला माल म्हणजे रिजेक्ट. त्यात चुकून चार चांगले दाणेही जातात. ते परत वेचायला सुपं घेऊन बाया बसतात. मशीन यायच्या आधी सगळी डाळ बायाच निवडायच्या. मशीन आली तशा बहुतेक घरी गेल्या, थोड्या रिजेक्टपुरत्या राहिल्या. आता मशीन चांगली डाळ ढिगाने फेकायला लागली, म्हणून जुन्या बायांना पुन्हा बोलावणं गेलं. म्हणजे मशीन बिघडली की बायांना काम, सुधारली की घर. वसंतरावांनी एवढी बेरीज मनातल्या मनात केली आणि उत्तर काढलं: कांताबाई.

मी तारा तपासायचं माझं पडद्याचं यंत्र घेऊन पोचले तेव्हा अकोला तापलेल्या तव्यासारखं झालं होतं. मिलमध्ये एलिव्हेटर, चाळण्या, कॉम्प्रेसर यांचा असा गडगडाट, की "नमस्कार" म्हणायचं तरी बोंबलावं लागतं. मशीनच्या खोलीत एका भिंतीशी बाया सुपं घेऊन बसलेल्या, आणि कोपऱ्यात लोखंडी कूलर सावकाश फिरत होता.

वसंतरावांनी आधी मला आपले उपाय सांगितले. लिंबू-मिरची झाली, नारळ झाला, बायांची तोंडं पूर्वेला करून बसवून झालं. मग कोणी तरी सांगितलं, लोखंड-चांदीने मशीनला त्रास होतो. म्हणून मोबाईल बाहेर ठेवले. मग म्हणे बांगड्या काढा. काचेच्या बांगड्या! त्याही काढल्या. मग म्हणाले, जोडवी.

तेव्हा कांताबाई उठून उभी राहिली होती म्हणे. साठीकडे झुकलेली, काटकुळी बाई, दहा जणींत उठून दिसणारा अंबाडा. पोरवयापासून डाळीतच हात. ती म्हणाली, "मालक, नवरा जिता हाय माहा. त्याले इचारून येऊ का, का बाप्पा, मशीनसाठी तू उलशीक मरतं का?"

बाया हसल्या, आणि मालकाचा पारा चढला. त्या भरात ते सगळ्यांसमोर बोलून बसले, की हीच लबाड आहे, हीच मशीनमध्ये काही तरी टाकते, कारण मशीन बिघडली की हिच्या बायांचं पोट भरतं. बाया होत्या, गेटवरचे हमाल होते, सगळ्यांनी ऐकलं. वर हेही म्हणाले, की मॅडमना येऊन एकदा सिद्ध करू द्या, मग एमआयडीसीतल्या एकाही मिलमध्ये हिला उभी राहू देणार नाही.

हे शेवटचं मला मालकांनी सांगितलं नाही. कांताबाईने सांगितलं, चहाचा कप हातात देताना.

"ताई, तुमच्या त्या टीवीत मानसाची लबाडी दिसते का वो?"

"नाई वो. तारेची तेवढी दिसते."

"मंग पाहा बरं चांगलं." ती माझ्यासमोर उकिडवी बसली. "काम काय, कुठीबी भेटन. हात हायेत. पन लबाड म्हनून इथून निंघाली, तर कोन मले दारात उभी करन? साऱ्या जिनगानीत दाण्याचा आरोप नाई माह्यावर. एक दाणा पदराले बांधून नेला नाई म्या." बोलताना तिचा आवाज चढला नाही. मी तारा बघायला आले होते, आणि इथे एका बाईचं नाव तराजूत पडलं होतं.

आमचं यंत्र सिग्नल दाखवतं ते एका मजेशीर नक्षीत. तारेवरचे सगळे हो-नाही एकमेकांवर रचले की पडद्यावर डोळ्याचा आकार तयार होतो. डोळा टक्क उघडा असेल तर सिग्नल ठणठणीत. मिटायला लागला की समजा आजारी. आम्ही त्याला डोळाच म्हणतो. मी कॅमेऱ्याच्या तारेवर यंत्र जोडलं आणि म्हटलं, बाया बाहेर.

बाया निंबाखाली जाऊन बसल्या. वसंतरावांनी सवयीने भिंतीवरची बटनं बंद केली. डोळा टक्क उघडा. मशीन शहाण्यासारखी नेमके डागी दाणे उडवत होती.

"आता बाया आत."

बाया आल्या, एकीने बटनं चालू केली, सगळ्या बसल्या, सुपं हलायला लागली, आणि पडद्यावर डोळा मिटत गेला. मशीनने तड-तड-तड फुंकरा मारून सोन्यासारखी डाळ रिजेक्टात ओतली.

"पाहा!" वसंतराव टाळी वाजवून ओरडले. "म्या सांगतलं होतं ना!"

मी म्हटलं, आता फक्त कांताबाई बसेल, बाकीच्या बाहेर. कांताबाई एकटी बसली. सूप मांडीवर, नजर समोर, फोटो काढायला बसल्यासारखी. मालकांनी पुन्हा बटनं बंद केली. डोळा उघडा. मशीन ठीक. अर्धा तास गेला तरी ठीक.

"एकटी असली का साळसूद असते थे," वसंतराव म्हणाले.

"मालक," कांताबाई म्हणाली, "आता शिव्या तरी निवडून द्या. का त्याबी रिजेक्टातल्याच देता?" आणि ती पाणी प्यायला बाहेर गेली.

खरं सांगते, माझी मती चालेना. त्यात उकाड्याने जीव नकोसा झालेला. घाम कपाळावरून चष्म्यात, चष्म्यातून यंत्रावर. शेवटी मी म्हटलं, "भाऊ, तो कूलर लावा हो, नाई तर आता मलाच रिजेक्टमध्ये टाकाल." त्यांनी बटन दाबलं. गार वारा आला, मी डोळे मिटून सुस्कारा सोडला, आणि कानावर आलं तड-तड-तड-तड.

डोळे उघडले. पडद्यावरचा मिटला होता.

खोलीत एकही बाई नव्हती. वसंतरावांनी मशीनकडे बघितलं, दाराकडे बघितलं, मग सावकाश माझ्याकडे बघितलं. चेहरा अगदी गंभीर.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमीबी बाईच हा ना."

मी या धंद्यात पाऊल टाकलं तेव्हापासून बाई म्हणून मला परत पाठवणारे पुष्कळ भेटले. पण मशीनच्या वतीने मला बाई ठरवणारा हा पहिलाच. मी उठले. म्हटलं, "भाऊ, आता तुमी बसा माह्या जागेवर, मी निंबाखाली जाते. कूलर चालू ठेवा." मी बाहेर जाऊन बायांच्या ओळीत बसले. आतून तड-तड चालूच. मी दारातून ओरडले, "आता तुमी कोन, भाऊ?"

बायांनी तोंडाला पदर लावले, पण हसू काही पदरात मावलं नाही.

पुढचं सोपं होतं. गुन्हेगार बाई नव्हती, कूलर होता. बाया आल्या की कूलर लागायचा, गेल्या की बंद. एकट्या कांताबाईसाठी कोण लावतो? तो जोरात फिरला की डाळीची टरफलं उडायची, म्हणून वसंतरावांनी त्याला वेग कमी करायचा रेग्युलेटर बसवलेला, पेठेतला स्वस्तातला. असला रेग्युलेटर वीज अखंड जाऊ देत नाही, तिचे तुकडे पाडतो, आणि प्रत्येक तुकड्यागणिक वायरीत एक सणसणीत उसळी. पण असे रेग्युलेटर घरोघरी आहेत. भिंतीतली उसळी मशीनच्या तारेत शिरलीच कशी, ते बघायला मी कूलरची वायर हाताने चाचपत चालले. वायर मशीनच्या मागे गेली. मी मागे वाकले, टॉर्च लावला आणि बघतच राहिले.

मशीनमागे वेणी होती. तिपेडी. कॅमेऱ्याची तार, कूलरची वायर आणि दिव्याची वायर, असे तीन पेड, छतापासून जमिनीपर्यंत, एकाही जागी ढिली नाही की चुरगळलेली नाही. खाली लाल रिबिनीचं फूल. मोठमोठ्या कारखान्यांत हिंडले, पण इतकी देखणी वायरिंग मी जन्मात बघितली नाही. आणि इतकी घातकही नाही. कॅमेऱ्याच्या तारेच्या पोटात दोन सख्ख्या तारा एकमेकींना पीळ घालून असतात, तो पीळ औषध. पण त्याच तारेला परक्या वायरीने असा विळखा घातला की तो विष. कूलरची प्रत्येक उसळी पेडापेडाने कॅमेऱ्याच्या तारेत उतरत होती. तराजूला गोऱ्ह्याची धडक म्हणत होते ना, ती ही.

अशी वेणी त्या मिलमध्ये कोण घालू शकतं, हे कळायला मला कांताबाईच्या अंबाड्याकडे दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. मनात म्हटलं, गप्प बसावं. वेणी सोडावी, वायरी वेगळ्या कराव्यात, "लूज कनेक्शन होतं" असं सांगावं आणि संध्याकाळच्या गाडीने अमरावती गाठावी.

पण मी मशीनमागून तोंड बाहेर काढलं तर कांताबाई समोर उभी. मागे बाया, त्यांच्यामागे वसंतराव.

"काय सापडलं वो ताई?"

मी टॉर्च विझवला. तिने वाकून बघितलं आणि सरळ होऊन म्हणाली, "हे? हे वेणी म्या घातली."

"सापडली!" वसंतराव ओरडले. "सापडली का नाई! स्वतःच्या तोंडानं बोलली!"

"काहून नाई बोलनार? केलं थे केलं." कांताबाईने कमरेला पदर खोचला. "घाल म्हनून कोनं सांगतलं होतं, थेबी आठवा आता."

"कोनं?"

"तुमीच. होळीले कूलर काहाडला, अन् दुसऱ्या दिवशी नागपूरचे व्यापारी येनार होते. तुमी म्हनले, कांताबाई, हे वायरायचं गुंतोडं बरं नाई दिसत, तुह्या हाताले वळन हाय, जराक नीट कर. म्या म्हनलं, वेणी घालू का? तुमी म्हनले, घाल. वरून म्हनले, रिबीन बी बांध. आन रिबीन कोनाची हाय थे? तुमच्याच पोरीची. तुमीच आनून देल्ली."

वसंतराव रिबिनीकडे बघत राहिले. ओळख पटली असावी, कारण तिचं टोक बोटांत धरून बघितलं आणि पटकन सोडून दिलं. एका बाईने मागून म्हटलं, "व्यापाऱ्यायनं वाहवा बी केली होती, मालक. तवा तुमी म्हनले, माही आयडिया."

मी कांताबाईच्याच हाताने वेणी सोडवली. तिने ती इतक्या हळुवार सोडवली, की मला वाईट वाटलं. कूलरची वायर पार दुसऱ्या भिंतीने नेली. रेग्युलेटरच्या तोंडाशी एक फिल्टर बसवला, म्हणजे उसळी जिथे जन्मते तिथेच मुरावी. कॅमेऱ्याच्या तारेवर फेराइटची कडी चढवली. दोन चढवून बघितल्या, तर डोळ्याच्या कडा गोलावल्या, सिग्नल सुस्तावला, म्हणून एक काढली. मग कूलर लावला, सगळ्या बायांना आत बसवलं, वसंतरावांना बसवलं, मीही बसले. डोळा टक्क उघडा. कांताबाई पडद्याशी वाकून म्हणाली, "डोया लावतच नाई आता. झोप उडाली काय याची?"

पुढचं इथेच सांगून टाकते, कारण ते मला बोचतं. मशीन नीट झाली, रिजेक्ट मूठभर उरलं. बोलावलेल्या बाया पंधरवड्यात परत घरी गेल्या. काही दुसऱ्या मिलमध्ये लागल्या, काही जुन्या शहरात पापडाच्या कामाला. कांताबाई आणि आणखी दोघी तेवढ्या राहिल्या. माझं काम चोख झालं की कोणाचं तरी काम जातं, हे मला त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा इतकं जवळून दिसलं. ह्यांना मी घरी येऊन सांगितलं, तर हे म्हणाले, "मग काय, मशीन बिघडलेलीच ठेवायची होती?" तसं नाही. पण आनंदाने पेढा खावा असंही नाही. कांताबाईचं नाव वाचलं, याचंच समाधान मानून मी झोपले.

आणि ते नाव वाचलं ते माझ्या फिल्टरने नाही, तिचं तिनेच वाचवलं. ते त्याच दुपारी झालं.

मी यंत्राची पेटी बंद करत होते. वसंतराव खुशीत होते. खिशातून पुडी काढत म्हणाले, "चाला, झालं गेलं. बाया हो, लागा कामाले."

कोणी हललं नाही. कांताबाई उभीच होती.

"मालक, तुमी साऱ्यायसमोर मले लबाड म्हनलं होतं."

"अवो, थे रागाच्या भरात."

"भर कोनताबी असो. साऱ्यायसमोर म्हनलं होतं. आता साऱ्यायसमोर बोला."

वसंतराव लालेलाल झाले. माझ्याकडे बघितलं, मी पेटीच्या कुलपाकडे बघितलं. एलिव्हेटर धडधडत होते, कॉम्प्रेसर फुसफुसत होता, चाळण्या खडखडत होत्या. त्यांनी ओठ हलवले. काही तरी म्हणाले असावेत.

"ऐकू नाई आलं," कांताबाई म्हणाली.

ते थोडं मोठ्याने म्हणाले.

"मले आलं. बायायले नाई आलं."

"अवो, या खडखडाटात कसं ऐकू येईन?" ते वैतागून ओरडले.

"मंग बंद करा थो."

ऐन हंगामाचे दिवस. दारात तुरीच्या पोत्यांच्या गाड्या उभ्या. चालू मिल भरदुपारी बंद करायची म्हणजे काय, ते डाळवाल्यालाच कळेल. वसंतरावांनी दाराकडे बघितलं, मग तिच्याकडे. ती नजर काढेना. मग हा जाडजूड माणूस वळला, तरातरा पॅनेलपाशी गेला, आणि त्याने खटके एकामागून एक खाली ओढले.

चाळण्या थांबल्या, एलिव्हेटर धापा टाकत थांबले, कॉम्प्रेसरने शेवटचा सुस्कारा सोडला. पन्हाळीतली डाळ होती तिथे थबकली. इतकं शांत झालं, की निंबावरच्या साळुंक्या ऐकू यायला लागल्या. मिलच्या गडगडाटात बोलायची सवय असलेला तो माणूस जीव खाऊन ओरडला, "कांताबाईनं काई नाई केलं! चूक माही होती!" त्या शांततेत ते एवढं मोठं झालं, की स्वतःच दचकला. एक बाई फिसकन हसली.

त्याने खटक्याला हात घातला.

"थांबा, मालक," कांताबाई म्हणाली. "गेटवरचे हमाल येऊन राह्यले, लाईट गेली का म्हनून पाहाले. तवा त्यायनंबी ऐकलं होतं. त्यायले येऊ द्या."

वसंतराव थांबले. हमाल आले, खांद्यावरचे पंचे काढून दारात उभे राहिले. या खेपेला ते ओरडले नाहीत. मान खाली घालून, आपल्या घरात बोलावं तसं हळू म्हणाले, "कांताबाई, म्या तुले उगाच लबाड म्हनलं. माफ कर." शेवटच्या हमालापर्यंत शब्दन् शब्द पोचला.

कांताबाईने डोळ्यांना पदर लावला, सूप उचललं आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

"हां," ती म्हणाली. "आता करा चालू."